मेणाचे दात आणि माझी मेंढी

आमच्या वेल्सच्या डोंगरांत एके काळी लग्नाआधी मुलीचे सगळे दात काढून कवळी बसवत. नवऱ्याला पुढे दातांचा ताप नको, म्हणून बापाकडून तो आहेर. माझ्या आईची कवळी शेजारच्या मॉर्विथमावशीनं केली होती. चाळीस वर्षं तिनं गावाला चघळायला लावलं. काम सुटलं तेव्हा तिनं फक्त गिऱ्हाईक बदललं.

वरच्या चुनखडीच्या बंद खाणीतली लाल माती ती बादलीनं आणायची, गाळणीत धुवायची, केकच्या पत्र्यावर वाळवायची आणि ओल्या कुंचल्याच्या टोकानं त्यातले फार जुन्या प्राण्यांचे खसखशीएवढे दात वेचायची. एका वसंतात तिला नखाहून लहान जबडा सापडला. त्याच मातीत वरचे सुटे दात.

संग्रहालयातून डॉ. हेलेथ आल्या. भिंगातून पाहून म्हणाल्या, "आतून खाच आहे. आपल्या कानात असतात ती हाडं याच्या जबड्यालाच, या खाचेत चिकटलेली होती. सस्तन नव्हे, सस्तनांचा जुना नातलग. नवाच वाटतो."

"मग नाव द्या."

"याचे दात फार झिजलेत, मॉर्विथबाई. नुसत्या जबड्यावर नाव देता येणार नाही. हे सुटे दात याचेच असते तर गोष्ट वेगळी. पण ते यावर बसत नाहीत. शुक्रवारी माझा लेख छापायला जातोय."

म्हणजे शुक्रवारनंतर तो जबडा संग्रहालयाच्या खणात बिननावाचा पडणार.

मावशीनं जबडा आणि सुटे दात, दोन्हींचे मुठीएवढे मेणाचे नमुने केले, झिजेचे चट्टेसुद्धा भिंगातून पाहून कोरले. बुधवारी मी अंडी द्यायला गेलो, तर ती ते एकमेकांवर मिटून बघत बसलेली. टोकावर टोक आपटत होतं.

"आजवर एक कवळी परत आली नाही रे गेथिन. आणि हा उंदराएवढा जीव माझं नाक कापतोय."

"गिऱ्हाईक वीस कोटी वर्षं जुनं आहे, मावशी. जरा सांभाळून घ्या."

"तू अंडी विक."

तरी माझ्याबरोबर फाटकापर्यंत आली, नमुने हातातच. तिथं माझी लंगडी मेंढी ब्लोदिन गवत चघळत उभी होती. मावशी थांबली. मग गुडघे मोडून तिच्या तोंडासमोर बसली.

"ही खालचा जबडा बाजूला नेते, मग वर आणि आत सरकवते," ती हळू म्हणाली. "मी मेली माणसासारखी सरळ मिटतेय."

तिनं मेण तसंच सरकवलं. टोक अलगद खळगीत उतरलं, चट्ट्याला चट्टा भिडला.

शुक्रवारी सकाळी हेलेथबाईंनी ते तीनदा सरकवून पाहिलं, मग खऱ्या दातांवर भिंग धरलं.

"घासल्याच्या रेघा तिरक्याच आहेत," त्या म्हणाल्या. "एकच प्राणी आहे. तुमचं नाव देऊ?"

"खाणीचं द्या. माझं दिलंत तर हा गेथिन म्हणेल, मेंढीचं का नाही."

"म्हणणारच होतो," मी म्हणालो.

छापील लेख आला, तेव्हा मावशीनं तो आधी ब्लोदिनपुढे धरला. तिनं कोपरा ओढून घेतला आणि चघळला, बाजूनं, मग आत.

"बघ," मावशी म्हणाली, "तिलाही पटलं."