हेल्मेटवरची पट्टी

साठीच्या उंबरठ्यावर प्रथमच लिहायला बसलेल्या बाईने, तेही आजवर नीटसा न कळलेल्या खेळाविषयी, चार ओळी लिहाव्यात हे धारिष्ट्यच झाले. वाचकांनी ते पोटात घालावे. पुण्यात मी शाळेत मराठी शिकवीत असे. मुलगा सात वर्षांचा असताना पतीच्या नोकरीमागे आयर्लंडला आले. याहून सांगण्यासारखे माझ्याजवळ फारसे नाही.

आमच्या मलिंगार गावाबाहेरच्या मैदानावर अमेरिकन फुटबॉलचा एक पगारी संघ नव्याने उभा राहत होता. शाळेपासून गेलिक फुटबॉल हा इथला देशी खेळ खेळलेल्या आमच्या मुलाने त्या संघाच्या निवड-सरावासाठी हातची नोकरी सोडली. त्याला किकरची, म्हणजे उंच खांबांमधून चेंडू लाथेने पार करणाऱ्याची, जागा हवी होती. जागा एक आणि उमेदवार तीन.

"इंजिनिअर होऊन शेवटी लाथाच मारणार," त्याचे वडील म्हणाले.

"बाबा, इट्स ग्रँड," तो म्हणाला. इथल्या बोलीत ग्रँड म्हणजे ठीक, काळजी नको. मराठी त्याला सगळे समजते. उत्तर मात्र इंग्रजीतच येते.

नव्या संघाकडे माणसे कमी होती, म्हणून सामानाच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालायला मी जाऊ लागले. तिथे एक रीत होती. प्रत्येकाच्या हेल्मेटवर, कपाळापाशी, पांढरी चिकटपट्टी लावून तीवर आडनाव लिहायचे. अमेरिकेहून आलेले प्रशिक्षक कोणालाच ओळखत नव्हते. पट्टी वाचायची आणि वहीत नोंद करायची, असा त्यांचा शिरस्ता. माझे अक्षर पाहून ते काम माझ्याकडे आले.

साठ पट्ट्या मी ठळक, फळ्यावर लिहावे तशा लिहिल्या. आमच्या घरची पट्टी सर्वांत शेवटी घेतली. आईने आपल्याच मुलाचे नाव मिरवले असे कोणाला वाटू नये, म्हणून तीवरची अक्षरे बारीक काढली. शाळेतही आपल्या मुलाला पहिल्या बाकावर बसवू नये असे मी मानत आले होते.

"बाई, तुमच्या पोराचं नाव वाचायला दुर्बीण आणू का?" खोली सांभाळणारे आयरिश गृहस्थ हसत म्हणाले. मीही हसले. पट्टी बदलली नाही.

नवव्या दिवशी आडवा वारा होता. इतर दोघांचे चेंडू भरकटले. आमच्या मुलाचा फार लांबून मारलेला चेंडू सरळ खांबांमधून गेला. मी कुंपणापाशी टॉवेल घेऊन उभी होते. प्रशिक्षक त्याच्याजवळ आले, वाकले, डोळे बारीक करून हेल्मेटकडे पाहिले. चष्मा त्यांच्याजवळ नव्हता. त्यांनी त्याचा खांदा थोपटला आणि ते पुढे गेले. वही त्यांनी उघडली नाही. त्या वेळी मला काहीच वाटले नाही.

बाराव्या दिवशी सकाळी वगळलेल्यांची यादी माझ्या हाती आली, कारण त्यांच्या पट्ट्या काढून हेल्मेटे पुसायची होती. यादीत आमचे आडनाव मधोमध होते. मी क्रमानेच काम केले. त्याची पट्टी आली तेव्हा काढली, खाली राहिलेला चिकटा स्पिरिटने पुसला आणि पुढचे हेल्मेट घेतले. बाहेर तो अजून पाय मोकळे करीत होता. अर्ध्या तासाने त्याला आत बोलावले.

घरी येताना गाडी त्यानेच चालवली.

"उरलेले दोघे चांगले होते का रे?" मी विचारले.

"दे आर ग्रँड, आई."

पुढे वळण आले. त्याने दिवा दाखवून गाडी वळवली. घरी वरण-भात गरम केला. तो जेवला, ताट विसळले. आता तो दुसऱ्या कंपनीत नोकरी करतो. अक्षरांविषयी त्याने कधी विचारले नाही आणि मीही सांगितले नाही. कदाचित ते दोघे खरोखरच सरस असतील.

माझ्या जागी असता, तर तुम्ही ते नाव केवढ्या अक्षरांत लिहिले असते?