फुटलेल्या पेल्याचा वाद

देछेन आणि नोरझोम यांचं वैर कांगड्यातल्या त्या तिबेटी भिक्षुणींच्या मठात मांजरालाही ठाऊक होतं. देछेनच्या आईने तिबेटहून पळून येताना एक चिनीमातीचा पेला छातीशी बांधून आणला होता. आई गेली, पेला उरला, आणि भांडी घासताना तो नोरझोमच्या हातून फुटला. माफी मागायची सोडून ही बया म्हणाली, "सगळंच नाशवंत आहे." तेव्हापासून दोघी बोलायच्या त्या फक्त शास्त्रावरच्या वादाच्या अंगणात, कारण तिथे बोलावंच लागायचं.

तिथली रीत अशी, की उत्तर देणारीने खाली बसायचं आणि विचारणारीने उभं राहून, पाय आपटून, तिच्या तोंडासमोर टाळी मारत प्रश्न टाकायचा. देछेनचं पाठांतर दांडगं. अडली की ती श्लोकामागे लपायची, आणि गेन-लांना, म्हणजे गुरुजींना, नेमकं तेच खुपायचं. "परीक्षेला तुझं नाव धाडायचं की नाही ते आज ठरेल," ते म्हणाले होते. "एकही श्लोक नको. स्वयंपाकघरात बोलतेस तसं बोल." मठातली सर्वांत मोठी पदवी देणाऱ्या याच परीक्षेसाठी तिने अर्धं आयुष्य घासलं होतं. आणि विचारायला उभी कोण, तर नोरझोम.

"वस्तू कशाने नाश पावते?" टाळी.

"जन्मली म्हणूनच. नाशाला दुसरं कारण लागत नाही."

"मग तुझा पेला मी फोडला नाही. मान्य?" टाळी नाकाला लागता लागता राहिली.

अंगणात खसखस पिकली. देछेनच्या अंगाचा तिळपापड झाला. मान्य म्हणावं तर ही भवानी सुटते, अमान्य म्हणावं तर शास्त्र बुडतं. श्लोक अगदी ओठांवर आला होता, तो तिने गिळला.

"चुलीतला जाळ बघ," ती म्हणाली. "आत्ताचा पुढच्या क्षणी नसतो. त्याच्या जागी नवा येतो, म्हणून आपल्याला तो एकच वाटतो. पेलाही तसाच. क्षणोक्षणी जात होता आणि जाता जाता स्वतःसारखाच दुसरा मागे ठेवत होता. तुझ्या हातातला पेला आपणहूनच गेला. पण त्याच्या जागी नवा पेला यायचा, तर खापऱ्या आल्या. त्या तुझ्यामुळे."

बोलता बोलता तिचं तिलाच ते पहिल्यांदा उमगलं. आईचे ओठ लागलेला पेला आई असतानाच कधीचा गेला होता. इतकी वर्षं घोकलं, आणि कळलं कधी, तर या सटवीला समजावताना. त्याचा तिला जास्तच राग आला.

गेन-लांनी मान डोलावली, पण नोरझोम हटेना.

"रागही असाच क्षणोक्षणी जातो?"

"जातो."

"मग माझ्यावरचा तुझा राग इतका टिकला कसा? रोज नवा कोण करतं?" टाळी.

गप्प बसणं म्हणजे हरणं. देछेनने तिच्या डोळ्यांत डोळे घातले.

"मीच करते," ती म्हणाली. "रोज सकाळी, स्वतःच्या हाताने. आणि उद्याही करीन."

गेन-लांनी तिचं नाव धाडायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या चहाला नोरझोम नेमकी समोर येऊन बसली, आणि राग आणायला देछेनला पहिल्यांदाच जोर लावावा लागला.