विहिरीतून निघालेलं अंडं

आमच्या भासऱ्यांना गोटा आणि अंडं यांतला फरक कळत नाही. हे मी लिहून ठेवते, कारण तोंडाने म्हणायची सोय नाही. आमच्या घरात धाकट्या भावाची बायको भासऱ्यांशी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, बोलत नाही. ते आले की पदर पुढे ओढायचा, आणि काही सांगायचं असलं तर सासूला सांगायचं, नाहीतर भिंतीकडे तोंड करून बोलायचं. लग्न झाल्यापासून मी भिंतीशीच बोलत आले. मुळात मी कोणाशीच फार बोलत नाही, त्यामुळे त्याचा जाच कधी झाला नाही. अंडं निघालं तेव्हा झाला.

सिंदीजवळ आमचं शेत आहे. कापूस, तूर सगळ्यांची, पण धुऱ्याजवळचा, बांधाला लागून असलेला, मिरचीचा तुकडा माझा. रोप मी लावलं, निंदण मी केलं, मिरची तोडून बाजारात मीच नेते. यंदा जुनी विहीर लवकर तळाला गेली, म्हणून नवी खोदायला घेतली. तोवर शेजारच्या शेतातले काका त्यांच्या मोटारीवर पाणी भरू देत होते. मी डोक्यावर पाण्याचा गुंड, म्हणजे घागर, नेऊन मिरची जगवत होते. नव्या विहिरीला वेळेत पाणी लागलं तर मिरची लाल होणार, नाहीतर फुलावरच वाळणार. मला दुसरं काही नको होतं.

पोकलेनने वरची माती काढली, मग मुरूम लागला आणि मुरमात गोल गोल गोटे. असे गोटे आमच्याकडे कुठेही खणलं तरी निघतात. धुऱ्यावर त्यांचीच रास असते. कांद्यासारखे एकावर एक पापुद्रे, हात लावला की वरचा सुटून येतो. त्यातला एक भोपळ्याएवढा, जरासा लांबट, घरंगळत बाहेर आला. नेमका रविवार होता. भासरे पिपरी मेघेला राहतात, ऑफिसातून रिटायर झालेत, आणि रविवारी पांढरा शर्ट घालून आमच्या चुका पाहायला शेतात येतात. त्यांनी वाकून गोट्यावर टिचकी मारली आणि कान लावला.

"मशीन थांबवा," ते म्हणाले. "हे अंडं हाये."

"कोनाचं?" आमच्या घरच्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, विचारलं.

"डायनासोरचं. कवच पाय ना, कसं सुटून राह्यलं."

आमच्या घरच्यांनी मान हलवली. भावाने त्याला पपई म्हटलं असतं तरी ती तशीच हलली असती. मशीनवाला थोडा वेळ बिडी ओढत बसला आणि मग दुसऱ्याच्या शेतात निघून गेला.

भासऱ्यांनी मोबाईलवर फोटो काढले. सगळ्या बाजूंनी काढले, जणू गोट्याला पुढची आणि मागची बाजू असते. मग पाहायला माणसं आली, आणि भासरेही रोज येऊ लागले. कोणाला त्यात डोळा दिसला, कोणाला चोच. ज्यांच्या स्वतःच्या धुऱ्यावर तसल्या गोट्यांचा ढीग पडलेला, ते चपला काढून उभे राहत होते. शनिवारी गावातल्या एका म्हातारीने त्याला शेंदूर लावला आणि नारळ फोडला.

"हे सायन्स हाये, आजी," भासरे म्हणाले.

"असू दे न बाबू. सायन्सलेबी शेंदूर चालते."

भासऱ्यांना आधी राग आला. पण माणसं वाकू लागली की ती गोट्यापुढे वाकतात की शेजारी उभ्या असलेल्या माणसापुढे, हे नीट कळत नाही. मग त्यांचा राग गेला. दुसऱ्या दिवशी त्यांच्याबरोबर आलेल्या माझ्या जाऊबाईंनी मला सांगितलं, "रोज एक गुंड वतत जाय वो त्याच्यावर. देव कोरडा ठेवू नये."

गुंड माझ्या डोक्यावरचा. मिरचीच्या वाट्याचा.

एके दिवशी वर्ध्याच्या कॉलेजातल्या एक मॅडम आल्या. भासऱ्यांनीच बोलावल्या होत्या. त्यांच्याकडे लहानशी हातोडी होती. "हे फोडून पाहू का?" त्यांनी विचारलं.

"शेंदूर लागला मॅडम, आता कसं फोडता?"

"मग हे ढिगाऱ्यातले?"

"ते अंडे नाईत. ते गोटे होत."

कोणता गोटा आणि कोणतं अंडं हे भासऱ्यांनी असं ठरवलं. शेंदूर लागला ते अंडं, राहिला तो गोटा.

मॅडमांनी ढिगाऱ्यातला एक फोडलाच. पापुद्रा, त्याखाली पापुद्रा, त्याखाली परत पापुद्रा, आणि मधोमध निळसर काळा दगड. नंतर पाणी प्यायला त्या माझ्याकडे आल्या, तेव्हा मला म्हणाल्या की अंड्याला कवच एकच असतं, पातळ, सगळीकडून सारखं, आणि त्याला बारीक छिद्रं असतात. आणि हा काळा दगड म्हणजे जमिनीतून उकळून आलेला रस होता. त्यात कोण अंडं घालायला जाणार? मग त्यांनी पिशवीतून एक पांढरट दगड काढून माझ्या हातावर ठेवला. काळ्या दगडाच्या दोन थरांच्या मधे कुठे कुठे त्याची पट्टी असते म्हणाल्या. त्यात दगड झालेली गोगलगाय होती. बोटाच्या पेराएवढी, वेटोळ्यामागे वेटोळं लहान होत गेलेलं, आणि तिच्या बाजूला तशीच दुसरी. ती गोगलगाय आहे हे कोणी सांगावं लागत नव्हतं. मी बराच वेळ पाहत राहिले.

हे सगळं त्यांनी मला सांगितलं. भासऱ्यांना काय सांगितलं? "अभ्यास करावा लागेल, सर." चहा घेतला आणि गाडी गाठायला गेल्या. इतकं शिकून माणसाला खरं बोलायला पाणी देणारी बाईच सापडावी.

मी गुंड ओतत राहिले. दिवसभर उन्हात तापलेल्या गोट्यावर रोज थंड पाणी पडलं की तो तडकणारच. एका रविवारी त्याच्यावर आडवी भेग दिसली. माणसं धावत आली.

"उबून राह्यलं," एकजण म्हणाला.

"पिल्लू निघालं त खायले काय देसान, भाऊ?"

"तुही बकरी."

भासरे हसले नाहीत. "मांगं सरा, हवा येऊ द्या," म्हणाले. खरंच म्हणाले. मी आणखी एक गुंड ओतला. वरचा पापुद्रा शेंदरासकट खाली आला आणि उरलेल्या गोट्याची दोन शकलं झाली. आत तोच निळसर काळा दगड. माणसं वाकून पाहू लागली. मला वाटलं, आता तरी.

"पाहा," भासरे म्हणाले, "आतला जीवबी गोटा होऊन गेला. म्हनूनच त जीवाश्म म्हंतेत." मग आमच्या घरच्यांकडे वळले. "आता येथं खोदू नका. खाली घरटं असन. विहीर पलीकडच्या कोपऱ्यात घेजो, पुढच्या वर्षी."

आमच्या घरच्यांची मान हलायला लागली होती.

शेतात भिंत नव्हती. सासूबाई घरी होत्या. मी पदर होता तसाच ठेवला आणि भासऱ्यांकडे तोंड करून म्हणाले, "मिरची वाळून राह्यली. विहीर येथंच खोदा. मशीन उद्याच बलवा."

त्यांना काय म्हणून हाक मारायची हे मला माहीत नव्हतं, म्हणून हाक मारलीच नाही.

गोट्याकडे वाकलेली माणसं माझ्याकडे वळली. भासरे माझ्याशी बोलले नाहीत. मोटारसायकलच्या आरशात पाहत भावाला म्हणाले, "हिले वाचा कवा फुटली?"

आमच्या घरच्यांनी सवयीप्रमाणे मान हलवली, पण माझ्याकडे पाहून. मग बाजूला जाऊन मशीनवाल्याला फोन लावला.

पाणी लागलं. खाली घरटं नव्हतं, गोटेच होते, पुष्कळ. मिरचीच्या अर्ध्या ओळी वाचल्या, अर्ध्या उपटून चुलीत घातल्या. भासऱ्यांनी ती दोन शकलं पिपरी मेघेला नेली आणि बैठकीत काचेच्या कपाटात ठेवली. येणारे-जाणारे पाहतात आणि हो म्हणतात. गावात अंड्याचा विषय आता कोणी काढत नाही. मी भासऱ्यांसमोर बोलले, एवढाच काढतात.