वरची दाढ आनि डोळा

माही पोरगी तवा नुकतीच रांगाले लागली होती, आनि माही वरची दाढ सडली. लवंग दाबून पाह्यली, रिंगनीच्या बियांची धुरी घेतली, काईच फरक नाई. कानापावत ठनका जाये, पोरीले पाजतानाही रडू ये. घरधनी म्हनाले, "चाल, तालुक्याले मूल गावच्या दवाखान्यात काढून टाकू." पन सासूबाई आडव्या आल्या. आमच्या गावात सारेच म्हनत, वरचा दात काढला का त्या बाजूचा डोळा जाते.

"आंधळी होऊन आली तं तुह्या पोरीमांगं मी नाई धावनार, आत्ताच सांगून देतो!" त्या म्हनाल्या.

मी गेली तरी. ठनका सहनच होये ना. बंडीत सारी वाट मी पोरीकडंच पाहत राह्यली. तिच्या भुवया, कानामागचा तीळ, सारं पाहून घेतलं, दोन डोळ्यानं पाहनं मंग होते का नाई कोन जाने.

डॉक्टरले मी इचारलं, "डोळा तं नाई ना जाईन, जी?"

"दात काढून राह्यलो बाई, डोळा नाई. तोंड उघड."

सुई टोचली, अर्धं तोंड मेल्यावानी झालं, डोक्यात करकर आवाज आला, आनि दाढ टनकन भांड्यात पडली. कापूस दाबून घरी आली, थंडी पेज पेली, निजली.

सकाळी उठली तं गाल फुगलेला आनि डोळा मिटलेला. उघडेच ना. माहा जीवच गेला. बोटानं पापनी उचलली असती तं कळलं असतं, पन हात जाये ना. जोपावत पाहत नाई तोपावत डोळा हाय, असं वाटे. पदर ओढून चुलीपाशी बसली. पोरगी पदर खेचे, मी तोंड फिरवो.

"काऊन वो, लपवून काय राह्यली? दाखव," सासूबाई म्हनाल्या.

वाटलं, आता बोलतीन. पन त्यायनं कोमट पान्यात फडकं भिजवून डोळ्यावर दाबलं, माहा चांगला डोळा तळहातानं झाकला, आनि दोन बोटानं सुजलेली पापनी उचलली.

"काय दिसते?"

"तुमी."

"कशी दिसतो?"

"रागावल्यावानी."

"मंग बराबर दिसते," म्हनाल्या, आनि मटकन खाली बसल्या.

मी पोरीले मांडीवर ओढलं आनि त्याच डोळ्यानं, पापनी बोटानं धरून, पाहत राह्यली. पाहूनच मन भरे ना. मले वाटे, सासूबाई नुसत्या टोचून बोलतात. त्याही माह्याएवढ्याच भेल्या असतीन, हे कधी मनातच आलं नाई.

थोड्या वेळानं त्या जवळ सरकल्या. बाहेर कोनी नाई ना ते पाह्यलं, आनि आपला ओठ वर करून दाखवला. आतली दाढ काळी पडून अर्धी झिजली होती. किती वर्सं सोसलं, घरात कोनाले पत्ता नाई.

"सुई टोचते तवा," हळूच म्हनाल्या, "लय दुखते का वो?"