लाइट गेल्यावर

उमरखेडच्या वाचनालयात मी रोज पेपर वाचायला जातो. तिथं खिडकीपाशी एक तरुण लॅपटॉपवर कंपनीचं काम करत बसतो. नाव मी कधी विचारलं नाही. अमुक चालत नाही, तमुक बंद पडलं, असे त्याला सतत फोन येतात. तो ‘यस सर’ म्हणतो, डोळे चोळतो आणि काल दुरुस्त केलेलंच पुन्हा उघडतो. मला तर ऐकूनच शीण येतो.

काल दुपारी लाइट गेली. पंखे, वायफाय सगळं बंद. आम्ही वैतागलो. त्यानं लॅपटॉप मिटला, पाय लांब केले आणि चक्क हसला.

“काहून हसून राह्यला रे?” मी विचारलं.

“काका, हे एक बंद पडलेलं मले दुरुस्त करा लागत नाही.”

थोड्या वेळानं पंखा फिरला. सगळे “आली, आली!” म्हणाले. त्यानं पाय आखडले आणि लॅपटॉप उघडला.