टॉवेलाखालचा सौदा

दुपारचं जेवण अंगावर आलंय आणि मल्लाप्पा गोठ्याच्या दारात बाजेवर आडवे झालेत. डोळा लागतोय, पण पुरता लागत नाही. सून रूपा भांडी घासता घासता सांगते आहे, "मामंजी, चारला पुण्याचं गिऱ्हाईक येणार हाय. भाव काय त्यो तुमीच सांगा. मला त्यातलं काय कळत न्हाई."

मल्लाप्पांनाही कळत नाही, हेच तर दुखणं आहे. चाळीस वर्षं बैलबाजारात दलाली केली. जनावराचं तोंड उघडून दात बघितले की भाव आपोआप ओठावर यायचा. पण गोठ्यात आता बैल नाहीत. तिथं महांतेशची छप्पन सालची डुक्कर फियाट उभी आहे, चाकांखाली विटा, इंजिन बाहेर काढून टायरवर ठेवलेलं. गाडी अर्धी जुळवली आणि पोरगं डेंगीनं गेलं. बत्तीस वर्षांचं होतं. त्याला आठ महिने झाले.

भांड्यांचा आवाज लांब लांब जातो. गोठ्यात कुणीतरी खाकरतं.

"पावणं, गाडी ईकायची हाय म्हणं?"

महांतेशच आहे. दुसऱ्यांच्या जुन्या गाड्या बघायला जाताना काढायचा तसंच खिशातून फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक काढतो. बापाकडं मात्र परक्यासारखा बघतो आहे. ओळख दिली तर हा जाईल, अशी भीती मल्लाप्पांना वाटते, म्हणून तेही विकणाऱ्याच्याच सुरात म्हणतात, "हाय की. बघा. बघायला पैसं पडत न्हाईत."

तो चुंबक मडगार्डवर फिरवतो. आत पुट्टी भरलेली असली की चुंबक घसरतं. इथं ते गच्च बसतं. "पत्रा खरा हाय." काचांच्या कोपऱ्यातले शिक्के बघतो. "काचा बी कंपनीच्या." इंजिनावरचा नंबर बोटानं पुसून आरसी बुकाशी ताडतो आणि मान डोलवतो. "नंबर जुळतोय. इंजिन बदललेलं असतं तर निम्म्यावर आली असती, पावणं."

मल्लाप्पांची छाती फुगते. हे सगळं हुडकून आणलं कुणी? त्यानंच तर.

बॉनेटपाशी तो थांबतो. नखानं रंग खरवडून बघतो.

"ह्यो रंग कवाचा?"

बाजाराला न्यायच्या आदल्या दिवशी बैलाची शिंगं साळायची, रंगवायची, अंगावर झूल घालायची. मल्लाप्पांनी जन्मभर हेच केलं. म्हणून गेल्या महिन्यात पेंटर बोलावून त्यांनी बॉनेट घासून घेतलं आणि वर झगझगीत निळा रंग मारला. पोराची गाडी चार गाड्यांत उठून दिसावी, एवढंच मनात होतं.

"गेल्या म्हैन्यातला," ते म्हणतात. "मीच मारून घेतला."

"अरारा! ह्येच्याखाली छप्पन सालचा रंग हुता. फिकटलेला, पोपडं आलेला, पर मूळचा. नवा काय, कुणीबी मारंल. त्यो गेला त्यो गेलाच."

मल्लाप्पांना रडू फुटतं. "मला काय ठावं, बाबा? तू हुतास कुठं सांगायला?"

तो ऐकत नाही. गोठ्याच्या भिंती आता नाहीत. सोमवारचा बाजार भरलाय, धूळ उडते आहे, आणि खुंट्यांना दाव्यांनी गाड्याच बांधलेल्या आहेत. कुणी एका गाडीपुढं पेंढी टाकतंय. कुणालाच त्याचं नवल नाही.

"चला, टाका टॉवेल," महांतेश म्हणतो.

बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. हातांवर कापड टाकायचं, आणि आत जितकी बोटं धरली तितका आकडा. मल्लाप्पा खांद्यावरचा टॉवेल दोघांच्या हातांवर टाकतात. आत पोराचा हात उबदार आहे, ग्रीसनं बुळबुळीत. तो तीन बोटं धरतो. तीन लाख. मल्लाप्पांना क्षणात कळतं, भाव रास्त आहे. बॉनेट बिघडवलं नसतं तर चार आले असते. पण सौदा पटला की हात सुटतो, आणि गिऱ्हाईक आपल्या वाटेला लागतं.

मल्लाप्पा आधी त्याची पाचही बोटं आवळतात, मग आणखी चार.

"नऊ? पावणं, शुद्धीवर हाय न्हवं?"

"बरं, आठ."

"तीन."

"पावणेआठ घ्या. घरचं म्हणून."

"तीनच. तुमास्नी बी ठावं हाय."

इतका वेड्यासारखा सौदा त्यांनी उभ्या आयुष्यात केला नव्हता. अजून ताणायचा, दिवस मावळेपर्यंत ताणायचा, असं ते ठरवतात आणि खाली बघतात. टॉवेल पांढरा झालाय. ती दवाखान्याची चादर आहे. बाटलीतून थेंब पडतोय आणि नर्सबाई सांगते आहे, "आजोबा, चहा पिऊन या, तोवर मी आहे इथं." त्या दिवशी ते गेले होते. कप अर्धा व्हायच्या आत वरून बोलावणं आलं. आणि एक गोष्ट त्यांनी रूपालासुद्धा सांगितलेली नाही. चहाला उठताना पोरानं त्यांचा हात घट्ट धरला होता, आणि त्यांनी त्याचं एकेक बोट सोडवून घेतलं होतं.

"चुकलो रे," ते म्हणतात. "चहाला जायाचं नव्हतं मी."

महांतेश पहिल्यांदा ओळखीनं बघतो.

"आप्पा, तीन सांगा. अन् बॉनेटचं लपवू नगासा."

"सांगतो. तू बस."

"आप्पा, हात सोडा."

"न्हाई सोडत."

"मामंजी! अवो मामंजी, पावणं आल्यात!"

रूपा बाजेशी उभी आहे. ऊन कलतं झालंय. टॉवेल छातीवर आहे आणि त्याखाली उजवा हात मुठीत आवळलेला. मल्लाप्पा मूठ उघडतात. अंगठा स्वच्छ, करंगळी स्वच्छ. मधली तीन बोटं पार मुळापर्यंत काळ्या ग्रीसनं माखलेली. आठ महिन्यांत त्यांनी त्या इंजिनाला हात लावलेला नाही.

पुण्याचा पोरगा भला दिसतो. गाडीभोवती दोनदा फिरतो, नंबर बघतो, काचा बघतो. मग विचारतो, "काका, अपेक्षा काय आहे?"

"तीन. बॉनेटचा रंग मूळचा न्हाई. मी बिघडवलाय त्यो. त्ये धरूनच भाव सांगतोय."

तो हसतो. "एवढं खरं कोण सांगतं हो! ठरलं." आणि हात पुढं करतो.

मल्लाप्पा उजवा हात टॉवेलात गुंडाळून छातीशी धरतात आणि डावा पुढं करतात.

"मामंजी, डावा?" रूपा हळूच म्हणते.

"असू दे, पोरी," मल्लाप्पा म्हणतात. "उजवा मोकळा न्हाई."