फुटतूट निरंक

परशुराम भोईर अंघोळीला जातानाही प्रयोगशाळेची किल्ली सोबत नेतात, असं त्यांची बायको सरूबाई येईल त्याला सांगत असे. त्यात थोडी भर असेल, पण फार नाही. भाईंदरच्या केबिन रोडच्या मागच्या गल्लीतल्या मराठी शाळेत ते १९८७ साली प्रयोगशाळा परिचर म्हणून लागले, आणि ती खोली त्यांनी देवघरासारखी जपली. वरसाव्याच्या घरून सगळ्यांच्या आधी शाळेत यायचं, कपाटांच्या काचा पुसायच्या, चंचुपात्रं उंचीप्रमाणे रांगेत लावायची आणि पुन्हा कुलूप घालायचं.

मुलांसाठी त्यांचा एकच नियम होता. उंबरठा ओलांडला की हात पाठीमागे बांधायचे. विज्ञानाच्या बाई टेबलावर प्रयोग करून दाखवायच्या आणि साठ मुलं हात मागे घेऊन, माना लांब करून बघायची. कोणाचा हात सुटलाच तर परशुरामकाका नुसते खाकरायचे. वर्षअखेरीस प्रयोगशाळेच्या वहीतल्या 'फुटतूट' या रकान्यात ते वळणदार अक्षरात लिहीत: निरंक. शेजारचा 'कोणाच्या हातून' हा रकाना कोराच राही. सलग वीस वर्षं निरंक. इतकं तर कोणाच्या संसारातही जमत नाही.

दोन हजार सातच्या सुमारास शाळेची पटसंख्या घसरू लागली. भाईंदरमध्ये जो तो मुलाला इंजिनियर करायला निघाला होता आणि त्यासाठी रोज नवीन शाळा उघडत होती. संस्थेचे सेक्रेटरी गुणवंतभाई हार्डवेअरचे व्यापारी, माणूस दिलदार, पण स्वस्थ बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी मुख्याध्यापिका मृणालिनीबाईंना आणि परशुरामकाकांना आपल्या व्हॅनमध्ये घातलं आणि दोन शाळा दाखवायला नेलं.

पहिली मीरा रोडची, वातानुकूलित. तिथे शिशुवर्गापासून विज्ञान होतं आणि काचेच्या पेटीत एक यंत्रमानव होता. पाहुणे आले की शिक्षक बटण दाबत आणि तो मान डोलावे. परशुरामकाकांना ती शाळा मनापासून आवडली. दुसरी काशीमीऱ्याच्या नाक्याजवळ. तिथे शाळा आणि कोचिंग एकाच छताखाली, आठवीपासून आयआयटीची तयारी, दर शनिवारी चाचणी.

"लॅब कुठं हाय?" काकांनी विचारलं.

"दहावीला लागेल तेव्हा बघू," तिथले व्यवस्थापक म्हणाले. "आत्ता वेळ कोणाला आहे?"

ही दुसरी तऱ्हा गुणवंतभाईंच्या डोक्यात पक्की बसली. आपल्या शाळेतही जूनपासून कोचिंगवाले आणायचे, पण त्यांना मोठी खोली हवी, आणि मोठी खोली एकच होती. परत आल्यावर ते प्रयोगशाळेत टेप घेऊन मापं काढू लागले. आपला हुकमाचा एक्का म्हणून परशुरामकाकांनी वही पुढे केली.

"बघा शेठ. वीस वर्सं. एक नळी फुटली न्हाय."

गुणवंतभाईंनी पानं उलटली. "एक पण नाही? म्हणजे कोणी हातच नाही लावला. मग परशुरामभाऊ, ही खोली कशाला पाहिजे?"

काकांचा ज्या वहीवर एवढा भरवसा, तिनेच दगा दिला होता. मृणालिनीबाई मध्ये पडल्या. तिसरीही एक तऱ्हा असते, त्या म्हणाल्या, विज्ञान-गणित इंग्रजीतून शिकवू आणि प्रत्येक मूल स्वतःच्या हाताने प्रयोग करेल. मला एक महिना द्या. गुणवंतभाईंनी दिला.

दुसऱ्या दिवशी काकांनी काळजावर दगड ठेवून कपाटं उघडली. टेबलांवर परीक्षानळ्या मांडल्या, लिंबाचा रस ठेवला, लिटमस कागद वाटले. आठवीचा वर्ग आत आला आणि हात पाठीमागे बांधून उभा राहिला. "घ्या, हातात घ्या," मृणालिनीबाई म्हणाल्या. एक बोटही हललं नाही. मुलं बाईंकडे बघतच नव्हती. ती काकांकडे बघत होती, खाकरण्याची वाट पाहत. असे तीन आठवडे गेले. काकांनी कोपऱ्यात तोंड मिटून बसून पाहिलं, बाहेर व्हरांड्यात जाऊन पाहिलं. मुलांना त्यांचं नसणंही ऐकू यायचं.

चौथ्या आठवड्यात पहिल्या बाकावरच्या क्षितिजाने धीर करून नळी उचलली, आणि काकांशी नजर भिडताच चटका बसल्यासारखी परत ठेवली. काकांना भयंकर लाज वाटली. हे भय आपण रोज पुसून, लखलखीत करून ठेवलं, हे त्यांना त्या क्षणी कळलं.

ते उठले. कपाटातून सगळ्यात जुनी नळी काढली, १९८७ सालची, स्वतः गाडीतून उतरवून घेतलेली. वर्गासमोर आले आणि ती फरशीवर टाकली.

आवाज अगदीच किरकोळ झाला. वीस वर्षं ते याच आवाजाला घाबरत होते.

"फुटली," काका म्हणाले. "काय झालं? काय न्हाय झालं. केरसुणी हाय. घ्या आता हातात."

क्षितिजाने नळी घेतली. मग तिच्या शेजारणीने, मग सगळ्यांनी. निळा कागद लाल झाला तेव्हा वर्गात असा गलका उठला की शेजारच्या वर्गातले गुरुजी बघायला आले.

महिनाअखेरीस गुणवंतभाई आले. टेबलांवर डाग होते, एका चंचुपात्राची चोच उडाली होती आणि मुलं मान वर न करता कामात होती. त्यांनी वही मागितली. परशुरामकाकांनी ती खाली मान घालून दिली.

"आठ दिवसांत अकरा नळ्या?" गुणवंतभाई वाचू लागले आणि पहिल्याच ओळीवर थांबले. "कोणाच्या हातून: परशुराम भोईर. तुमच्या हातून पडली?"

"पडली न्हाय शेठ. मुद्दाम फोडली."

गुणवंतभाईंनी एकदा त्यांच्याकडे आणि एकदा मुलांकडे पाहिलं. खिशातला टेप काढून टेबलावर ठेवला.

"बाई, नळ्या मागवा," ते म्हणाले. "डझनावारी मागवा. कोचिंगवाल्यांना मी सांगतो, खोली रिकामी नाही."

त्या दिवशी काका वरसाव्याला घरी पोचल्यावर सरूबाईने विचारलं, किल्ली कुठाय? परशुरामकाकांनी खिसे चाचपले. किल्ली शाळेतच राहिली होती, दाराजवळच्या खिळ्यावर, क्षितिजाचा हात पोचेल इतक्या उंचीवर.